डॉ. सलीम अली : पदवी नव्हती, पण आयुष्यभर शिकत राहिलेला माणूस

नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाळांमध्ये पक्षी सप्ताहाची गडबड सुरू होते. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्र सरकारने २०२० साली पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. ५ तारीख हा मारुती चितमपल्ली यांचा वाढदिवस आणि १२ तारीख सलीम अलींचा. मुलं चित्रं काढतात, भाषणं पाठ करतात, आणि १३ तारखेला सगळं विसरलं जातं. खरं तर पक्षी बघण्याचा मोसम तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. थंडीच्या चार महिन्यांत हिमालयातून, मध्य आशियातून, सैबेरियातून हजारो पाहुणे आपल्या तलावांवर, शेतांत, अगदी घरामागच्या बागेतही उतरतात.

सलीम अलींचं नाव आपल्या समाजात अभिमानाने घेतलं जातं. पण ते कसे घडले हे विचारलं तर बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं की ते पक्ष्यांचे मोठे जाणकार होते. त्यांच्या यशापेक्षा त्यांच्या अपयशांची यादी मुलांना सांगण्यासारखी आहे, असं आम्हाला वाटतं. आईवडील नाहीत, मॅट्रिक जेमतेम, कॉलेज अर्धवट, धंदा बुडालेला, नोकरी गेलेली. एवढं सगळं झाल्यावरही या माणसाने एक काम सोडलं नाही. रोज बघायचं, आणि जे बघितलं ते लिहून ठेवायचं.

यतीम मुलगा आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या बेगम हमीदा यांना मूल नव्हतं. त्यांनी या यतीम भाच्यांना आपल्या खेतवाडीतल्या घरी वाढवलं. तय्यबजी घराणं मुंबईत नावाजलेलं. १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले.

घर भरलेलं होतं, मुलं मोकळी होती, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलांच्या हातात छऱ्याची बंदूक होती. सलीमला शिकारीचं वेड होतं. १९०८ च्या सुमारास त्याने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तर गळ्यावर पिवळा ठिपका. नेहमीची चिमणी ही नाही, मग ही खाणं जायज आहे की नाही? असा प्रश्न पडला आणि पोरगा मामूंकडे धावला.

इथे थोडं थांबायला हवं. मामूंनाही तो पक्षी ओळखता आला नाही. घरातली मोठी माणसं अशा वेळी काय करतात ते आपण रोज बघतो. दटावतात, नाहीतर काहीतरी ठोकून देतात. अमीरुद्दीन मामूंनी तसं केलं नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था पशुपक्षी, झाडं, कीटक यांचा अभ्यास करत असे. मामूंनी तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि भाच्याला पाठवून दिलं.

तो काळ गोऱ्यांच्या राज्याचा. एक लहान हिंदुस्तानी मुलगा हातात मेलेली चिमणी घेऊन साहेबाच्या दारात उभा. मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखली. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटाचे खण उघडून भुसा भरून ठेवलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. पुढे पक्ष्याचं कातडं काढून ते जतन कसं करायचं हेही सलीमला तिथेच शिकायला मिळालं.

मॅट्रिक जेमतेम, धंद्यात तोटा

आता कोणी म्हणेल, असा हुशार मुलगा शाळेत पहिला येत असेल. अजिबात नाही. तेराव्या वर्षी डोकेदुखीचा त्रास सुरू झाला आणि शाळा वारंवार बुडू लागली. हवापालटासाठी त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवलं गेलं. १९१३ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पास झाली. कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्या वर्षातच गणिताने आणि एकूणच अभ्यासाने नको केलं. मग बर्मातल्या टवॉय इथे कुटुंबाचा लाकडाचा आणि टंगस्टनच्या खाणीचा धंदा होता, तो सांभाळायला गेला. धंद्यापेक्षा तिथल्या जंगलातच जीव जास्त रमला.

१९१७ मध्ये मुंबईला परत आल्यावर सलीम अलींनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबाचे वर्ग धरले. त्याच वेळी सेंट झेवियर्समधल्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा कल ओळखून प्राणिशास्त्र शिकायला लावलं. डिसेंबर १९१८ मध्ये तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला. पुढे बर्मातला धंदाही फार चालला नाही.

पक्ष्यांच्या अभ्यासाची सरकारी जागा निघाली तेव्हा ती त्यांना मिळाली नाही, कारण हातात पदवी नव्हती. शेवटी १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्याता म्हणून महिना ३५० रुपयांवर नोकरी लागली. म्युझियम बघायला येणाऱ्यांना आणि शाळेच्या मुलांना माहिती सांगायची, हे काम. दोन वर्षांत त्यांना कळून चुकलं की आपलं ज्ञान अपुरं आहे. मग रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. पुढे आयुष्यभर त्यांनी स्ट्रेसमान यांनाच आपला उस्ताद मानलं. हेलिगोलँड या बेटावर पक्ष्यांच्या पायात रिंग घालून त्यांचा प्रवास कसा शोधतात, तेही तिथेच पाहिलं.

नोकरी गेली आणि किहीम मिळालं

१९३० मध्ये ते परतले तेव्हा म्युझियमची जागाच रद्द झाली होती. कारण सांगितलं गेलं, पैसे नाहीत. वय ३३, परदेशातलं शिक्षण पदरात, आणि नोकरी नाही. आजच्या कितीतरी शिकलेल्या तरुणांना ही अवस्था चांगलीच ओळखीची असेल.

मुंबईत राहणं परवडेना म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीम गावात राहायला गेले. नारळीपोफळी, समुद्र आणि भरपूर रिकामा वेळ. पावसाळा सुरू झाला आणि घराजवळच्या झाडावर बया पक्ष्यांची घरटी लटकू लागली. आमच्या उर्दू शाळेत याला बया म्हणतात, मराठीत सुगरण. सलीम अली रोज तासन्‌तास त्या घरट्यांसमोर बसून राहिले आणि टिपणं काढत गेले. कोणतं घरटं कोणी सुरू केलं, कोण आत गेलं, कोण परत फिरलं, सगळं लिहिलं.

त्यातून निघालेली गोष्ट तोवर कोणी नीट सांगितली नव्हती. मराठीत नाव सुगरण असलं तरी घरटं विणतो तो नर. तो अर्धं घरटं विणून थांबतो. माद्या येऊन घरटी तपासतात. एखादीला पसंत पडलं तर ती ताबा घेते, मग नर ते पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की हा गडी दुसरं घरटं विणायला घेतो, आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जाणकारांमध्ये सलीम अलींचं नाव झालं. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही की मोठी उपकरणं. एक झाड, एक वही आणि सब्र, एवढ्यावर काम झालं.

संस्थानांची भटकंती

त्यानंतर त्यांनी एक युक्ती काढली. हिंदुस्तानातल्या संस्थानांमध्ये कोणते पक्षी आहेत याची नीट पाहणी झालेली नव्हती. त्यांनी संस्थानिकांना कळवलं की मला पगार नको, फक्त तंबूचा, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. आजचा आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पुढे कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशा पाहण्या झाल्या. बैलगाडी, तंबू, कंदील, आणि रात्री बसून दिवसाची टिपणं. तहमीना बेगम सुखवस्तू घरातल्या, पण या रानावनात त्या बरोबर असत.

१९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तहमीना बेगम यांचं निधन झालं. मूलबाळ नव्हतं. सलीम अली पुढे वांद्र्याच्या पाली हिलवर बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहू लागले, ते अखेरपर्यंत. दुसरा निकाह त्यांनी केला नाही. कामात बुडून जाणं हाच त्यांनी त्या दुःखावर शोधलेला इलाज.

१९४१ मध्ये त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे पुस्तक आलं. चित्र बघून सामान्य माणसालाही पक्षी ओळखता यावा, अशी त्याची रचना. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. भारतात आज जे लोक हौसेने पक्षी बघतात, त्यांच्यातल्या अनेकांची सुरुवात याच पुस्तकाने झाली. नंतर अमेरिकन अभ्यासक डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड आला तेव्हा त्यांचं वय ७७-७८ होतं.

हिवाळी पाहुण्यांच्या पायातली रिंग

थंडीत येणारे पक्षी नक्की कुठून येतात? परत जातात तेव्हा तोच पक्षी पुढच्या वर्षी त्याच जागी येतो का? हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी पक्षी जिवंत पकडायचा, पायात क्रमांकाची हलकी रिंग घालायची आणि सोडून द्यायचा. जगात कुठेही तो पुन्हा सापडला तर सोसायटीला कळवा, असा मजकूर त्या रिंगवर असतो.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं आणि माणसं एका नव्या तापाने दगावू लागली. गोचिडीतून पसरणाऱ्या या आजाराचं नातं सैबेरियातल्या एका आजाराशी असावं, असं वाटल्याने स्थलांतर करणारे पक्षी तो आणतात का, हा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि सलीम अलींच्या देखरेखीखाली सोसायटीचं रिंग घालण्याचं मोठं काम सुरू झालं. राजस्थानातलं भरतपूर आणि तामिळनाडूतलं कोडियाकराई ही त्याची मुख्य ठिकाणं.

या कामात बिहारचे मीरशिकार कामी आले. पिढ्यान्‌पिढ्या पाखरं धरून पोट भरणारा हा गरीब मुस्लिम समाज. पक्ष्याला इजा न होता जाळ्यात कसं घ्यायचं हे त्यांना जितकं येत होतं तितकं कुठल्याही पदवीधराला येत नव्हतं. सलीम अलींनी त्यांच्या हाताचं कसब विज्ञानाच्या कामाला लावलं. ज्या माणसाला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली गेली होती, त्याला अंगठेबहाद्दर माणसाच्या हुनराची किंमत कळली, यात नवल नाही.

रिंगांमुळे बऱ्याच गोष्टी उजेडात आल्या. इथे रिंग घातलेली बदकं पार सोव्हिएत मुलखात सापडली. आणि करड्या धोब्यासारखा, ज्याला कोणी परीट म्हणतं, तो वीतभर पक्षी हजारो किलोमीटर जाऊन पुढच्या हिवाळ्यात नेमका त्याच छोट्याशा बागेत परत येतो, हेही कळलं. त्याच्याकडे ना नकाशा, ना पत्ता.

पाणी राहिलं तर पाहुणे येतील

भरतपूरचं तळं एकेकाळी राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होतं. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एकाच दिवशी ४,२७३ पक्षी पाडले गेले, याची नोंद तिथे दगडावर कोरलेली आहे. स्वातंत्र्यानंतर तळ्याचं पाणी सोडून तिथे शेती करावी, अशी मागणी झाली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि तळं वाचलं. आज ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९८५ पासून जागतिक वारसा स्थळ. इंग्रज निघून गेल्यावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पैशाअभावी बंद पडायची वेळ आली होती. तीही त्यांनीच नेहरूंना लिहून सावरली. केरळच्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात जाऊ नये म्हणून म्हातारपणीही ते उभे राहिले.

ते काही भाबडे पक्षिप्रेमी नव्हते. अभ्यासासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी बंदुकीने टिपले आणि ते कधी लपवलं नाही. पण शौकासाठी मारणं आणि तळंच आटवून टाकणं, यातला दुसरा गुन्हा मोठा हे त्यांनी ओळखलं होतं. मारलेले पक्षी पुन्हा वाढू शकतात. पाणथळ जागा एकदा बुजली की ते परत येणार कुठे?

मोटारसायकलचा त्यांना जबर नाद. १९५० मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक पक्षी परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम गाडी बोटीने युरोपात नेली आणि तिथल्या रस्त्यांवर चालवली. हा गृहस्थ हिंदुस्तानातून गाडी चालवत आला, असं तिथे काहींना वाटलं म्हणे!

मान पुष्कळ मिळाले, पण उशिरा. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. कॉलेज पुरं न केलेला माणूस ‘डॉक्टर’ झाला तो असा. ब्रिटिश पक्षितज्ज्ञांच्या संघटनेने सुवर्णपदक दिलं. गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी स्वतःकडे न ठेवता निसर्गरक्षणाच्या निधीत घातली. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र आलं, आणि त्याच्या नावातही ती लहानपणीची चिमणीच आहे. २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या नव्वदीत, ते आपल्यातून गेले. गोव्यातल्या चोराव बेटावरचं अभयारण्य आणि औरंगाबादेतला, आता छत्रपती संभाजीनगर, दिल्ली गेटजवळचा तलाव त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आपण काय करायचं?

नाव देणं सोपं आहे. त्या तलावात कचरा जातो की नाही हे बघणं अवघड आहे. आपापल्या गावातल्या तळ्याचा, ओढ्याचा, कब्रस्तानातल्या जुन्या झाडांचा विचार आपणच करायचा आहे. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने किती पाखरांचे पंख कापले जातात ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या पोरांच्या हातात तो मांजा आणि ती गुलेल नको, एवढं तरी प्रत्येक घराला जमेल.

आणि पक्षी बघायला पैसे लागत नाहीत. फजरनंतर जो उजेड पसरतो, तीच पक्षी बघायची सर्वांत चांगली वेळ. भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी नकोत, गप्प उभं राहता आलं पाहिजे. बागेत शेपटी वरखाली हलवत चालणारा धोबी दिसेल, भिंतीवर शेपूट थरथरवणारा काळा थिरथिरा दिसेल. ज्वारीच्या शेतावर गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे उतरतील. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या किस्श्यातला हुदहुद मुलांना पाठ असतो, पण शाळेच्या मैदानात लांब चोचीने माती उकरणारा तुरेवाला पक्षी तोच, हे कोणी दाखवलेलं नसतं. जायकवाडी, उजनी, नांदूर मध्यमेश्वर यांपैकी जे जवळ असेल तिथे एखाद्या रविवारी मुलांना न्या. चक्रवाक आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब बघून मोठी माणसंही गप्प होतात.

एक वही मात्र हवी. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, काय करत होतं. नाव माहीत नसेल तर रंग लिहा, चोच कशी ते लिहा. आणि मुलाने येऊन विचारलं की हा कोणता पक्षी, तर माहीत नसल्यास अमीरुद्दीन मामूंसारखं करा. ज्याला माहीत आहे त्याच्याकडे मुलाला घेऊन जा. आपल्या मोहल्ल्यातही गणितात मागे पडलेला, डोकं दुखतं म्हणून शाळेला दांडी मारणारा एखादा सलीम असेल. त्याला मार्कांवरून ढ ठरवण्याआधी, तो टक लावून काय बघत बसतो, हे एकदा जवळ जाऊन विचारायला हवं.